डीपीखाली बसल्यावर कळलेला कॉग्निटिव्ह रेडिओ

एम.टेक.ला मी ‘स्मार्ट ग्रिडसाठी (मीटर आणि सबस्टेशन एकमेकांशी संदेशांनी जोडलेल्या वीजजाळ्यासाठी) कॉग्निटिव्ह रेडिओ’ हा विषय घेतला आणि पहिले चार महिने मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्येच घालवले. मूळ कल्पना जोसेफ मिटोला यांची, १९९० च्या दशकाच्या अखेरची. रेडिओनं आधी कान द्यायचा, परवानाधारक गप्प असेल तर त्याची मोकळी लहरपट्टी वापरायची आणि तो बोलू लागला की जागा सोडायची. आपल्याकडे तर मोकळी जागा भरपूर. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनल बसतात आणि जमिनीवरून प्रक्षेपण करणारं एकटं दूरदर्शन. आयआयटी मुंबईच्या अभ्यासात यातले बहुतेक चॅनल मोकळे आढळले. पुढे त्यांनी पालघरच्या गावांत या पट्ट्यातून इंटरनेट पोचवूनही पाहिलं.

मग मी आरटीएल-एसडीआर (लॅपटॉपला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप घेऊन गावाबाहेरच्या एका डीपीखाली, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली, बसलो. चॅनलमधली ऊर्जा मोजून तो मोकळा की नाही ते ठरवणारा माझा एनर्जी डिटेक्टर प्रत्येक चॅनल ‘व्यापलेला’ सांगत होता. दोन दिवस कोड तपासण्यात गेले. शेवटी तिथल्या वायरमनदादांनी वर बघितलं आणि म्हणाले, “बाइंडिंग सैल झालंय, चरचर ऐकू येत नाही का तुम्हाला?” तार बांधलेल्या त्या सैल जागी उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट माझ्या अँटेनात शिरत होता. प्रयोगशाळेतल्या शांततेत ठरवलेला थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर चॅनल ‘व्यापलेला’ मानायचा ती मर्यादा) तिथे कुचकामी होता.

नवख्यांनी इथे थांबून नीट अभ्यास करावा, असं मला कळकळीनं वाटतं. एनर्जी डिटेक्टर फक्त ऊर्जा मोजतो. ती सिग्नलची की ठिणगीची, हे त्याला कळत नाही. गोंगाटाच्या पातळीबद्दल १ डेसिबलची अनिश्चितता असेल, तर सिग्नल गोंगाटाच्या साधारण ३.३ डेसिबल खाली गेल्यावर तो ओळखता येत नाही, मग कितीही वेळ ऐकत बसा. वीजवाहिन्यांजवळ तर ही पातळी तासातासाला हलते. म्हणून सिग्नलची ठरावीक पुनरावृत्ती शोधणाऱ्या सायक्लोस्टेशनरी पद्धतीकडे वळा. गणित जड आहे, पण पर्याय नाही. टीव्हीच्या मोकळ्या चॅनलांतून इंटरनेट देण्यासाठीच्या आयईईई ८०२.२२ या २०११ च्या मानकानं ऐकण्याच्या जोडीला ठिकाणानुसार मोकळ्या चॅनलांचा डेटाबेसही ठेवला आहे, तो उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. ग्रिडमधला कुठला संदेश थांबू शकतो, हे आधी ठरवायचं. मीटरचं १५ मिनिटांचं रीडिंग काही सेकंद उशिरा आलं तरी चालतं. सबस्टेशनमधल्या संरक्षण रिलेचा ट्रिप संदेश (बिघाड होताच वीज तोडण्याचा आदेश) मात्र काही मिलिसेकंदांतच पोचायला हवा. त्याला ‘चॅनल रिकामा होऊ दे’ म्हणता येत नाही, त्यासाठी फायबरच. मी दोन्ही एकाच सिम्युलेशनमध्ये कोंबले होते, आणि प्रबंधातलं ते प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. ‘कॉग्निटिव्ह रेडिओ इंजिनिअर’ अशी जाहिरात मला कधी दिसली नाही. कामं आहेत ती स्मार्ट मीटरच्या संपर्कव्यवस्थेत. २०२१ च्या केंद्रीय योजनेचं लक्ष्यच २५ कोटी प्रीपेड मीटरचं आहे. तिथे मोबाइल नेटवर्क आणि ८६५ मेगाहर्ट्झजवळच्या विनापरवाना पट्ट्यातलं आरएफ मेश (मीटर एकमेकांमार्फत संदेश पुढे पाठवतात ते रेडिओ जाळं) वापरतात. तेव्हा प्रबंधासोबत मीटरची माहिती देण्याघेण्याचा डीएलएमएस प्रोटोकॉल शिका, जीएनयू रेडिओ या मोफत रेडिओ-सॉफ्टवेअरवर हात बसवा आणि कुठल्या लहरीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर स्वतः हाताळा. टीव्हीच्या पट्ट्यात ऐकण्यापुरतंच राहा. प्रक्षेपणाला परवाना लागतो. आणि मोजमापाला जाताना आधी त्या भागातल्या वायरमनला गाठा.