अपघाताच्या पेशंटचा एक्सरे: काढायचा कधी, वाचायचा कसा (कॅज्युअल्टीत नवीन असलेल्यांसाठी)

नाशिकमध्ये कॅज्युअल्टीत नाइट केलेल्या प्रत्येकाला हे माहितीये, मुंबई-आग्रा हायवेवरून बाईकवाला येतो, पाय वाकडा, सोबत सात-आठ जण आणि सगळ्यांचं एकच चाललेलं, डॉक्टर आधी एक्सरे काढा. पण एक्सरे आधी नसतो. आधी श्वास, बीपी, रक्तस्राव, मानेला कॉलर. पेशंट गंभीर असेल तर छाती आणि पेल्विस (कमरेखालचं हाडांचं कडं) हे दोन पोर्टेबलवर, म्हणजे हलवता येणाऱ्या मशीनवर, बेडवरच घ्या, त्याला एक्सरे रूमपर्यंत ढकलत नेऊ नका. आणि घोटा निखळलाय, पाऊल गार पडलंय, नाडी लागत नाहीये अशा वेळी फिल्मची वाट बघायची नाही, सीनियरला हाक मारा, ओढून जागेवर आणा, स्लॅब (एका बाजूचं प्लास्टर) द्या, मग एक्सरे.

काढायला पाठवण्याआधी पेशंटला हात लावा. एका बोटाने हाड दाबत जा, जिथे तो कळवळतो ती जागा फॉर्मवर लिहा, नुसतं "उजवा हात" लिहिलं तर टेक्निशियनने काय ओळखायचं. व्ह्यू दोन हवेतच, समोरून आणि बाजूने, कारण एकात सरळ दिसणारं हाड दुसऱ्यात पार सरकलेलं असतं. वरचा आणि खालचा सांधा पण फिल्ममध्ये आला पाहिजे. हे फार टाळलं जातं, मग हाताच्या पुढच्या भागातल्या दोन हाडांपैकी अल्ना मोडलेली दिसते पण कोपरात दुसऱ्याचं, रेडियसचं, डोकं निखळलंय ते राहून जातं. बाई असेल तर प्रेग्नन्सीचं विचारा.

वाचताना पहिलं नाव, तारीख, डावं-उजवं. मग हाडाच्या पांढऱ्या कडेवरून पेनाचं टोपण सावकाश फिरवत जा, जिथे ती कड तुटते किंवा पायरी पडते तिथे थांबा. लहान मुलांच्या मनगटाला कधीकधी रेष दिसतच नाही, नुसता कडेला फुगवटा असतो, तेही फ्रॅक्चरच. वाढीची पट्टी (मुलांच्या हाडाच्या टोकाजवळची कूर्चा, फिल्ममध्ये काळी रेघ दिसते) की फ्रॅक्चर असा घोळ झाला तर दुसऱ्या हाताचा एक्सरे शेजारी लावून बघा. कोपराच्या बाजूच्या व्ह्यूत हाडामागे चरबीची काळी सावली दिसली तर फ्रॅक्चर दिसलं नाही तरी ते आहे असंच धरा. मानेच्या फिल्ममध्ये सातव्या मणक्याच्या खालचा सांधा दिसत नसेल तर ती फिल्म अपुरी आहे, नॉर्मल म्हणू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून तर निर्णय नकोच.

एक मनापासून सांगतो. परांचीवरून पडलेला एक पेंटर आला होता, दोन्ही टाचा सुजलेल्या, टाचेचं हाड फुटलेलं अगदी स्पष्ट दिसत होतं, मी स्लॅब दिला आणि पुढच्या पेशंटकडे गेलो. सकाळी तो म्हणाला, साहेब उठून बसताच येत नाही. कमरेचा एक्सरे काढला तर पहिला लंबर (कमरेचा) मणका दबलेला. उंचावरून टाचांवर पडला की जोर वर कण्यापर्यंत जातो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण एक फ्रॅक्चर सापडलं आणि माझी नजर तिथेच थांबली. तेव्हापासून एक सापडलं की मी फिल्म परत पहिल्या कोपऱ्यापासून बघतो, आणि पेशंट पण डोक्यापासून परत.

फिल्म नॉर्मल आली तरी पेशंट नॉर्मल असेलच असं नाही. म्हातारी आजी घसरून पडली, पाय टेकवत नाहीये आणि एक्सरेत काही नाही, तर सीटी किंवा एमआरआय करून घ्या. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) मोडल्याचा संशय धरा, हे फ्रॅक्चर पहिल्या दिवशी दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, अंगठ्यासकट मनगट बांधून ठेवा आणि १० ते १४ दिवसांनी परत फिल्म घ्या. पेशंट पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यातला असेल तर ती तारीख केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा, सोबतच्या माणसाचा नंबर घ्या, आणि तोपर्यंत हात कुणाकडून चोळून घ्यायचा नाही हे घरच्यांसमोर सांगा.