जुन्या टीव्ही-स्टिरिओचं लाकडी कॅबिनेट घरात आणायचंय? मग आधी हे बघा

आजचा टीव्ही बंद असला की भिंतीवर काय उरतं, तर एक मोठा काळा चौकोन. 1950-60 च्या काळातल्या कंपन्यांना हे चाललंच नसतं. त्यांना विकायचं होतं यंत्र, पण दिवाणखान्यात यंत्र दिसायला नको होतं, म्हणून मग अक्रोड, महोगनी नाहीतर सागवानाचं व्हिनियर (म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), पुढे झडपा किंवा सरकती शटरं, खाली निमुळते पाय, आणि झडप ओढून घेतली की आलेल्या पाहुण्याला वाटावं हे साधं कपाटच आहे. झेनिथ, मॅग्नाव्हॉक्स, ग्रुंडिग, टेलिफुंकन, सगळ्यांनी असे सेट काढले. माझ्या मते या फर्निचरची खरी मजा यातच आहे, ते मुळातच वायरी आणि डबे लपवायला बनवलंय, आणि आपल्याकडे आज लपवायच्या वायरी तेव्हापेक्षा जास्तच आहेत.

आता टीव्हीचं घ्यायचं की स्टिरिओचं? जागा कमी असेल तर डोळे झाकून स्टिरिओचं घ्या. ते लांबट, बुटकं, 4 ते 6 फूट रुंद आणि साधारण दीड फूट खोल असतं, भिंतीला लावलं की चपखल बसतं. टीव्हीचं कॅबिनेट खोल असतं कारण आतली पिक्चर ट्यूबच लांब असायची. 50 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्यूबमधला किरण साधारण 70 अंशात वळायचा, दशक संपता संपता 110 अंशांच्या ट्यूब आल्या, तशी ट्यूबची मान आखूड झाली आणि कॅबिनेटही सडपातळ झालं. म्हणून टीव्हीचंच हवं असेल तर 60 च्या दशकातलं शोधलेलं बरं, आणि फोटोवर जाऊ नका, टेप घेऊन खोली मोजा, दाराची रुंदी मोजा, जिन्याचं वळणही मोजा. स्टिरिओवाल्यांसाठी अजून एक खूण, स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या 1958 मध्ये, त्याआधीचा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कॅबिनेटात) बाहेरून कितीही रुंद दिसला तरी आतून मोनोच, म्हणजे डावा-उजवा वेगळा आवाज नाही.

लाकूड खरं की खोटं हे ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते पुढून कळत नाही. 70 च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी चिपबोर्डवर लाकडाच्या छपाईचा कागद नाहीतर व्हिनाइल चिकटवायला सुरुवात केली, आणि झडपांवरची नक्षी कोरीव न राहता प्लास्टिकची ओतीव झाली. लांबून एकदम शाही दिसतं हो, पण नखाने टकटक केलं की पोकळ वाजतं. मागच्या बाजूला जा, टॉर्च लावा, वरच्या फळीची कड बघा. प्लायवूड असेल तर थर दिसतील, चिपबोर्ड असेल तर भुसा दाबल्यासारखे कण दिसतील. मग वरचे रेषे बघा, तोच डाग, तीच गाठ थोड्या थोड्या अंतराने जशीच्या तशी परत येत असेल तर ती छपाई. (शेजारशेजारच्या दोन पट्ट्या आरशातल्या प्रतिमेसारख्या उलटसुलट दिसल्या तर मात्र घाबरू नका, ते खरं व्हिनियर मुद्दाम तसंच जुळवायचे.) चिपबोर्डवर खरं व्हिनियर असलेलं कॅबिनेट वाईट नसतं, फक्त खालच्या कडा बघा, पाणी प्यायलेला चिपबोर्ड फुगतो आणि तो परत बसत नाही.

बारीक गोल भोकं दिसली आणि खाली ताजं पीठ पडलेलं असेल तर किडा जिवंत आहे, असलं कॅबिनेट घरात घेऊच नका, तुमचं बाकीचं लाकूड पण जाईल. पाय हलत असतील तर चालतं, बहुतेक वेळा पायाची पट्टी सैल झालेली असते. सरकतं शटर अडकत असेल तर तेही किरकोळ, त्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात, कापड फाटलं नसेल तर खाच साफ करून मेण घासलं की चालायला लागतं.

आता वायर. घरी आणलं की पहिली खाज काय, तर प्लग लावून बघू चालतं का. नको! वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमधले कंडेन्सर (वीज साठवून धरणारे भाग) लीक झालेले असतात, सरळ लाइन दिली की ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी (आतला लोखंडी सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते, म्हणजे लोखंडाला हात लागला की झटका. जुने सेट दुरुस्त करणारा मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावून, म्हणजे वीज एका बल्बमधून फिरवून, बघतो, त्याच्याकडूनच करून घ्या. आणि त्याने सांगितलं की हे चालू होऊ शकतं, तर प्लीज आतलं काढू नका. चालू रेडिओग्राम पोकळ करून त्यात बाटल्या मांडणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही, पोकळ करायला मेलेले सेट ढिगाने आहेत.

मेलेल्या टीव्हीची ट्यूब काढायचं काम तर अजिबात घरी करू नका. रंगीत सेटमध्ये ट्यूबवर 20,000 ते 25,000 व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. शिवाय आत निर्वात पोकळी आहे, मागची काचेची मान आपटली तर काच आत कोसळून तुकडे बाहेर उडतात. काही जुन्या सेटमध्ये गरम भागाच्या वर ॲस्बेस्टॉसचा पत्राही असतो, राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा, तो दिसला तर घासू नका, तोडू नका, जाणकाराला बोलवा. स्टिरिओमध्ये पिक्चर ट्यूबची भानगड नाही, पण कंडेन्सर तिथेही चार्ज धरून असतात, मेकॅनिकने ते रिकामे केले की मग पुढचं काम तुम्ही बिनधास्त करा.

साफसफाईत लोक सगळ्यात जास्त घाई करतात, आणला की पॉलिश पेपर हातात. थांबा, व्हिनियर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, मशीनने घासलं तर कोपऱ्यावर आधी जाईल आणि खालचं प्लाय दिसायला लागेल. आधी कोरडी धूळ काढा, मग घट्ट पिळलेलं कापड, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, आणि पुसलं की लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. अर्ध्या कॅबिनेटांचं काम इथेच होतं, तपकिरी धुराचा थर निघाला की खालून असा रंग येतो की तुम्हीच बघत राहाल. तरीही डाग राहिले तर फिनिश कुठलं ते आधी ओळखा. खालच्या बाजूला न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिट लावा, चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश. नाही झालं तर थिनर लावून बघा, त्याने चिकट झालं तर लॅकर. दोन्हीने काहीच फरक पडला नाही आणि वर काचेसारखी चकाकी असेल तर बहुतेक पॉलिएस्टर, जर्मन सेटवर हे बऱ्यापैकी दिसतं, आणि त्याला तडा गेला असेल तर चांगल्या पॉलिशवाल्याकडेच द्या. चपड्याचं असेल तर तुमचं नशीब चांगलं, पेल्याचा पांढरा गोल डाग स्पिरिटने किंचित ओलसर केलेलं कापड झरझर फिरवलं तरी निघतो, फक्त एका जागी थांबायचं नाही. शेवटी मेणाचा पातळ हात. सिलिकॉनवाले चकाकी स्प्रे मारू नका, पुढे कधी परत पॉलिश करायचं झालं तर नवा थर नीट धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात.

हो, आणि रेडिओच्या डायलची काच! स्टेशनांची नावं आणि आकडे काचेच्या आतल्या बाजूला छापलेले असतात आणि शाई जुनी झालेली असते, आतून ओलं कापड फिरवलंत की अख्खी यादी कापडावर येईल. आतून फक्त मऊ ब्रश. स्पीकरच्या कापडाचंही तसंच, ते धुवायचं नाही, आटतं आणि डाग धरतं, व्हॅक्युमला मऊ ब्रश लावून हलक्या हाताने धूळ ओढून घ्यायची.

मग आत काय ठेवायचं? स्टिरिओ कॅबिनेटचे जुने स्पीकर बहुतेक वेळा वापरता येतात, मागे 4, 8 की 16 ओहम लिहिलंय ते बघा, लिहिलेलं पुसलं असेल तर मल्टिमीटर लावा, 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 च्या आसपास दाखवतो. त्याला झेपेल असा छोटा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर लावला की झालं, आवाज फार वाढवू नका, कागदी कोन म्हातारा आहे. नवीन टर्नटेबल मात्र त्याच कॅबिनेटवर ठेवताना विचार करा, स्पीकरचा हादरा सुईपर्यंत जातो आणि घोंऽऽ असा आवाज सुरू होतो, मूळचे प्लेअर स्प्रिंगवर लटकवलेले असायचे ते उगाच नाही. रेकॉर्ड ठेवायच्या असतील तर 100 एलपी म्हणजे 20-25 किलो धरा आणि तळाला मधोमध एक जादा पाय द्या.

टीव्ही कॅबिनेटमध्ये नवीन स्क्रीन बसवणाऱ्यांनी गणित आधी करा. जुना पडदा 4:3 आणि नवीन 16:9, त्यामुळे कर्णात 25 इंच मोकळी जागा दिसली तरी रुंदी 20 इंचच मिळते, म्हणजे जेमतेम 22 इंची मॉनिटर, आणि वर-खाली मिळून साधारण चार इंच रिकामं. ती फट काळ्या पुठ्ठ्याने झाकता येते, नाहीतर 4:3 चा जुना 20 इंची एलसीडी शोधा, तो दिसायलाही जास्त शोभतो. मागची भोकं असलेली हार्डबोर्डची फळी परत लावा पण तिची भोकं बुजवू नका, ती हवेसाठीच आहेत. माशांची टाकी करायची आयडिया सोडून द्या, 100 लिटर म्हणजे 100 किलो नुसतं पाणीच, आणि एकदा गळती झाली की तळ फुगला.

काहीही करा, नवीन भोकं पाडण्याआधी जुनीच वापरता येतात का ते बघा, आणि काढलेले नॉब, कंपनीचं चिन्ह, व्हॉल्व्ह (आतल्या छोट्या काचेच्या नळ्या), चासी एका खोक्यात चिठ्ठी लावून ठेवा, असाच सेट दुरुस्त करणाऱ्याला कधीतरी नेमका तोच नॉब हवा असतो. फक्त पिक्चर ट्यूब साध्या कचऱ्यात टाकू नका, काचेत शिसं असतं, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, आणि मान खालच्या बाजूला येणार नाही अशी, पुढचा पडदा गादीवर पालथा ठेवून न्या.