शाळेचा क्रॉस कंट्री संघ: चौथ्या गड्यापासून सुरुवात करा

क्रॉस कंट्री म्हणजे मैदानाबाहेर, मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची शर्यत. त्यात संघाचे गुण क्रमांकांच्या बेरजेवर ठरतात. ज्याची बेरीज कमी, तो संघ वर. बऱ्याच स्पर्धांत सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. अंतर, वयोगट आणि किती जण धरणार हे मात्र त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचून घ्या. समजा एका शाळेचे चौघे 1, 20, 25 आणि 30वे आले. बेरीज 76. दुसऱ्या शाळेचे चौघे 9, 11, 13 आणि 15वे आले. बेरीज 48, संघ त्यांचा जिंकला. गावात एखादा पोरगा वाऱ्यासारखा पळतो म्हणून संघ होत नाही. निम्मी मेहनत चौथ्या, पाचव्या पोरावर घ्यावी लागते, आणि नेमकं तिथंच दुर्लक्ष होतं.

म्हणून निवड सहाची नको, दहा-बारा पोरं घ्या. शंभर मीटरला मागं राहणारी, पण वावरात दिवसभर न थकणारी पोरं यात पुढं येतात. कबड्डीत ज्यांना कोणी घेत नाही, अशांनाही इथं जागा असते.

रस्ता आधी आखा. काळ्या मातीच्या पांदणीवर पावसाळ्यात सराव नको. बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात, पाऊल जड होतं आणि घोटा मुरगळतो. गावाबाहेरची मुरमाड, बरड जमीन बघा, पाणी लगेच निचरतं. एक किलोमीटरचा फेरा मोजायला सायकल पुरते. चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधा, जमिनीवर खूण करून चाक एक पूर्ण फेरा फिरवा आणि ते अंतर टेपनं मोजा. मोठ्या 28 इंची चाकाला ते साधारण 2.2 मीटर भरतं. म्हणजे चिंधी 455 वेळा खाली आली की किलोमीटर झाला. सायकलवर न बसता ती हातानं ढकलत न्या, कारण बसल्यावर टायर दबतो आणि माप चुकतं.

पहिल्या दिवशी रस्ता स्वतः पायी फिरा. सराटे आणि बाभळीचे काटे झाडून काढा. उंच गवतातून वाट नको, पावसाळ्यात घोणस, मण्यार तिथंच सापडतात. रोही-रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली असू शकते, म्हणून वावराच्या धुऱ्यालगत पोरांना अजिबात पळवू नका. जंगलालगतच्या गावांत उजाडल्याशिवाय कोणी निघायचं नाही आणि एकट्यानं तर कधीच नाही.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, पोळ्यापर्यंत आठेक आठवडे हाती असतात. आठवड्यातून चार दिवस पुरे. पहिले दोन आठवडे 2 मिनिटं धावणं, 1 मिनिट चालणं, असे 8 वेळा. धावताना पोरगं पूर्ण वाक्य बोलू शकलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. मग दर आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवा. पाचव्या आठवड्यापासून एक दिवस चढ घ्या. आपल्याकडं डोंगर नसला तरी पाझर तलावाची पाळ असते. 60 मीटर चढायचं, चालत उतरायचं, 6 वेळा. आणखी एक दिवस विजेचे खांब धरून वेग बदला: एक खांब जोरात, दोन खांब सावकाश.

नडगीचं दुखणं सगळ्यात जास्त येतं. अंतर एकदम वाढवलं किंवा रोज सिमेंटच्या रस्त्यावर धावलं की ते हमखास. एका बोटानं दाबल्यावर हाडाच्या एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

पूर्व विदर्भात एक गोष्ट चुकवू नका: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक पोराचं रक्त तपासून घ्या. आजार असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय धावणं नाही. वाहक मुलं, म्हणजे आई-बापापैकी एकाकडूनच तो दोष आलेली, धावू शकतात, पण उन्हात आणि तहानलेल्या अंगानं नाही. त्यांना पाय-कमरेत तीव्र दुखणं किंवा अशक्तपणा आला तर लगेच सावलीत बसवा, दवाखान्यात न्या. त्यात आळशीपणा शोधू नका. मुलींच्या बाबतीत थकव्यामागं बऱ्याचदा रक्त कमी असणं असतं. शाळेतली आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवणानंतर द्या, वर लिंबू-पाणी, चहा नाही.

सकाळी धावण्याआधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक केळं, तेही अर्धा-पाऊण तास आधी. घाम जास्त गेला तर 1 लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच, मीठ त्याहून जास्त नको.

खरी अडचण सप्टेंबरनंतर येते. सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, आणि पोरं घरच्या कामाला. त्यावर रागवून संघातून काढू नका, तो त्या घराचा हंगाम आहे. पालकांशी आधीच बोलून आठवड्यातले दोन सकाळचे तास मागून घ्या. आठवडाभर खंड पडला तर परतल्यावर दोन दिवस हलकंच धावायला लावा. पालकांना दाखवायला कारण आहे: पोलीस भरतीत मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, दम आताच बसतो. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात, पण ते स्पर्धेच्या स्तरावर ठरतात, म्हणून खोटं आश्वासन देऊ नका.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट नकोत. सुरुवातीच्या गर्दीत पहिले 400 मीटर सगळेच सुसाट सुटतात, तिथं आपल्या पोरांनी एकमेकांना नजरेत ठेवून वेग राखायचा. शेवटच्या रेषेनंतर दोरीच्या गल्लीत ओळ मोडायची नाही, क्रमांक त्याच ओळीनं लिहिले जातात. आणि शेवटच्या 200 मीटरला तुम्ही पुढच्या पोराजवळ उभे राहू नका, चौथ्याजवळ राहा. त्यानं तिथं तीन जण मागे टाकले तर संघाची बेरीज तीननं उतरते.