आधी पाकीट, मग कार्ड: हाताने शुभेच्छापत्रं करण्याची तयारी

पाकीट. कागद, रंग, कात्री, कल्पना हे सगळं नंतर. कार्ड ज्या पाकिटात जाणार ते हातात आल्याशिवाय एकही कागद कापायचा नाही. ‘पाकीट काय, कुठेही मिळतं’ असं वाटतं, आणि मिळतंही. फक्त आपल्या कार्डाच्या मापाचं मिळत नाही. मग कार्ड छाटायची पाळी येते. छाटलं की काठाची वेल अर्धी जाते, मधोमध असलेलं चित्र एका बाजूला सरकतं, आणि हे एका कार्डाचं नाही, केलेल्या सगळ्या कार्डांचं होतं.

मापं एकदा नीट समजून घ्या. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो आडवा मधोमध कापला की दोन ए५ तुकडे, आणि ए५ला मधोमध घडी घातली की १०५ बाय १४८चं ए६ कार्ड. त्याला सी६ पाकीट लागतं, ११४ बाय १६२. सी मालिकेची पाकिटं त्याच क्रमांकाच्या ए कागदासाठी आखलेली असतात, त्यामुळे ए५ मापाच्या मोठ्या कार्डाला सी५, १६२ बाय २२९. लांबट डीएल पाकीट ११० बाय २२०चं असतं. त्यात कार्ड करायचं तर ते १०० बाय २१०च्या आत ठेवा. चौरस कार्ड दिसायला छान, पण चौरस पाकीट सहज मिळत नाही, म्हणून ते करायचंच असेल तर पाकीटही स्वतः करायचं हे धरून चाला.

पाकिटावर छापलेलं माप बाहेरचं असतं. आत जोडाच्या पट्ट्या असतात, त्या जागा खातात. म्हणून मोजपट्टी आत घालून मोजा. साध्या, सपाट कार्डाला दोन्ही दिशांना सहा-सात मिलिमीटर मोकळी जागा पुरते. कार्डावर काही उठावाचं चिकटवणार असाल तर जेवढी जाडी वाढेल तेवढी जागा रुंदीतूनही जाते आणि उंचीतूनही. सी६मध्ये ए६ला एकीकडे ९ आणि दुसरीकडे १४ मिलिमीटर मोकळे मिळतात. चार मिलिमीटर जाडीचं कार्ड झालं की उरले ५ आणि १०. तेवढ्यात बसतं, पण ढकलून घालावं लागतं, आणि ढकलताना पहिल्यांदा कोपरे दुमडतात.

आता नावांची यादी. किती कार्डं ते आधी ठरवा आणि वर तीन जास्त धरा. एका ए४मधून दोन ए६ कार्डं निघतात, म्हणजे वीस जणांसाठी दहा कागद आणि वरचे दोन. पाकिटंही तेवीस. वीस नव्हे, तेवीस. एखाद्यावर पत्ता चुकतो, एखादं उघडताना फाटतं, आणि तीन पाकिटांसाठी कोणी पुन्हा बाजारात जात नाही.

कागद २२० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). प्रिंटरचा ७०-८०चा कागद कार्डाला चालत नाही, उभं केलं की वाकतं. जलरंग वापरणार असाल तर ३००चा जलरंगाचाच कागद घ्या, आणि चारी बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डाला चिकटवून रंगवा. साध्या कार्डशीटवर पाणी पडलं की ती लाटांसारखी फुगते आणि नंतर कितीही दाबली तरी पूर्ण सपाट होत नाही. चकचकीत पृष्ठभागाचा कागद टाळा. त्यावर जेलपेन वाळता वाळत नाही आणि हात लागला की फासतं.

कागदाचा ग्रेन बघणं हे काम बहुतेक जण सोडून देतात, आणि घडी का फाटते म्हणून कागदाला दोष देतात. यंत्रावर कागद होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेने लागतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. त्या दिशेला समांतर घडी सरळ आणि स्वच्छ पडते. आडवी घातली की तंतू तुटतात, रंगीत कागदाच्या घडीवर पांढरी खरबरीत रेघ उमटते, आणि कार्ड मिटून ठेवलं तरी हळूहळू तोंड उघडतं. ओळखायचं असं: कागद न मोडता, नुसता कमानीसारखा वाकवायचा, एकदा लांबीकडून, एकदा रुंदीकडून. ज्या बाजूने कमी जोर लागतो, तिथे घडी घातली तर ती ग्रेनला समांतर पडेल. आता सोयीची गोष्ट ही की ए४ कागदात ग्रेन बहुधा लांबीला असतो, आणि वर सांगितलं तसं आडवं कापून ए६ची उभी घडी घातली की ती आपोआप ग्रेनला समांतर येते. अख्ख्या ए४ला अर्ध्यात दुमडून मोठं कार्ड केलं की मात्र घडी ग्रेनच्या आडवी जाते. वरून उघडणारं उभं ए६ कार्ड, म्हणजे ए४ लांबीत चिरून केलेलं, तेही तसंच. ते करू नका असं नाही, पण तिथे घडीची रेघ जास्त काळजीने पाडा.

घडीची रेघ पाडल्याशिवाय २००च्या वरच्या कागदाला घडी घालायची नाही. साधन म्हणून रिफिल संपलेलं बॉलपेन उत्तम, किंवा विणकामाची बोथट सुई. खाली काचेचं टेबल किंवा कडक लाकूड नको. वर्तमानपत्राची पाच-सहा पानं घालून त्यावर कागद ठेवा, नाहीतर रेघेला खोली येत नाही. स्टीलची पट्टी धरून दोनदा, मध्यम दाबाने. एकदाच जोरात दाबलंत तर कागद चिरतो. रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूवर पाडायची आणि घडी उलट दिशेला घालायची, म्हणजे मागे उठलेला उंचवटा कार्डाच्या आत राहतो. हे उलटं वाटतं, पण छापखान्यातही असंच करतात. खाचेच्या बाजूला मिटलं तर बाहेरचा थर जास्त ताणला जातो. घडी आधी बोटाने बसवा, मग वर एक साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. चमचा थेट कार्डावर फिरवला की गडद रंगाच्या कागदावर चकाकता पट्टा राहतो, तो निघत नाही.

कापायला कटर, नवं पातं, स्टीलची पट्टी. प्लास्टिकची पट्टी पातं खातं आणि पुढच्या वेळी रेघ वाकडी देते. जाड कागद एका झटक्यात कापायचा नाही, तीन हलके फेरे मारा. बोटं पट्टीच्या काठामागे. बाकी कात्री, पेन्सिल, खोडरबर घरात असतंच.

आणि आता डमी. साध्या कागदाचं एक कार्ड त्याच मापाने कापा, घडी घाला, आणि पाकिटात घाला. काढा, पुन्हा घाला. सहज जातंय? मगच खरा कागद हातात घ्या. डमीवर पेन्सिलने ‘पुढचं’ असं लिहून ठेवा, कारण उघडं कार्ड समोर सपाट ठेवलं की पुढचं पान उजवीकडे येतं, आणि घाईत चित्र डावीकडे, म्हणजे कार्डाच्या पाठीवर काढलं जातं. वरून उघडणाऱ्या कार्डात हाच घोळ उलट्या चित्राचा होतो.

पाकीट मिळालंच नाही तर करा, पण तेही कार्डाच्या आधी. ए४मधून २० सेंटिमीटरचा चौरस कापा, ८० ते १२० जीएसएमचा. डमी त्यावर मधोमध तिरकी ठेवा, म्हणजे चौरसाचा एकेक कोपरा कार्डाच्या एकेका बाजूसमोर येईल. डावा-उजवा कोपरा आत दुमडा, मग खालचा वर आणून दोन्ही कडांना चिकटवा, वरचं झाकण उघडं ठेवा. दुमडताना कार्डाला अगदी चिकटून दुमडायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर ढिलं ठेवायचं. डावा-उजवा कोपरा मध्ये एकमेकांना भेटत नाहीत, थोडी फट राहते. ती खालच्या कोपऱ्याखाली झाकली जाते, घाबरू नका.

सजावटीचं काय लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण प्रत्येक वस्तू लावण्याआधी पाकिटाकडे एकदा बघा. फोम टेपचा एक थर एक ते तीन मिलिमीटरचा असतो. त्यावर कापलेलं फूल, फुलावर मणी, असं करत कार्ड पाकिटाच्या बाहेर जातं. बटणं आणि मणी टपालाच्या छाननी यंत्रात पाकीट आतून फाडतात. चपटं ठेवायचं तर थर कागदाचेच द्या. खरी फुलं वापरायची तर ती वर्तमानपत्रात, जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे आधी दाबून ठेवावी लागतात, त्यामुळे हा निर्णय आज घ्यायचा, आदल्या दिवशी नाही. ओलसर राहिलेलं फूल तपकिरी होतं आणि कागदालाही डाग देतं. पाकळ्या पातळ असलेली फुलं निवडा. गुलाबाची कळी कधी दाबायची नाही, मध्ये बुरशी धरते. चमकी मला मुळीच आवडत नाही. ती पाठवणाऱ्याच्या घरातून निघत नाही आणि घेणाऱ्याच्याही.

उघडल्यावर उभं राहणारं काही आत करायचं असेल तर सोपा प्रकार म्हणजे घडीवर दोन समांतर चिरा देऊन मधली पट्टी आत ढकलणं. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: चीर घडीपासून जेवढी लांब, त्याच्या दुप्पट अंतरावर पट्टीचं टोक मिटलेल्या कार्डात पोचतं. १०५ मिलिमीटर रुंदीच्या पानात ४० मिलिमीटरची चीर म्हणजे टोक ८०वर. पट्टीवर चिकटवलेलं चित्र तिच्यापुढे २५ मिलिमीटरपेक्षा जास्त आलं की ते कार्डाबाहेर डोकावणार, आणि मग पाकिटात काय जाणार ते सांगायला नको. चिरा दिलेल्या कार्डाला बाहेरून दुसरं आवरण लागतं, नाहीतर पुढच्या पानावर भोक दिसतं. आवरण म्हणजे पुन्हा जाडी.

डिंक. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, कागद ते पितो, फुगतो आणि वाळताना वाकतो. मोठा कागद कागदावर लावायचा तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा. पांढरा डिंक लहान तुकड्यांना, टूथपिकच्या टोकाने, ठिपक्याएवढा. चिकटवून झालं की मध्ये बटर पेपर घालून पुस्तकांखाली रात्रभर. फोमवालं कार्ड मात्र दाबायचं नाही, उघड्यावर वाळू द्या.

मजकूर सगळ्यात आधी लिहायचा, सजावट नंतर. लिहिताना चूक झाली तर कोरा कागद वाया जातो. सजवून झाल्यावर चूक झाली तर पूर्ण संध्याकाळ. त्याहून बरं म्हणजे मजकूर वेगळ्या ८०-१०० जीएसएमच्या आतल्या पानावर लिहून ते पान घडीलगत डिंकाच्या एका बारीक रेघेने बसवणं. पान कार्डापेक्षा चारी बाजूंनी तीन मिलिमीटर लहान ठेवा. पूर्ण पानाला डिंक लावू नका, कार्ड उघडमीट करताना ते ताणतं आणि सुरकुततं. पेन्सिलने हलक्या रेघा मारा, दोन शिरोरेघांमध्ये किमान १० मिलिमीटर. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार त्याहून कमी जागेत एकमेकांत अडकतात. आधी रफ कागदावर तेवढ्याच रुंदीत लिहून बघा, म्हणजे शेवटच्या ओळीत सही कोपऱ्यात कोंबायची वेळ येणार नाही. नावाचं ऱ्हस्व-दीर्घ त्या माणसाला जसं चालतं तसंच. शाई पूर्ण वाळल्यावरच रेघा खोडा, दहा मिनिटं तरी थांबा. खोडरबराने खोडलेल्या जागी रंगीत कागद चकाकतो, म्हणून रंगीत कार्डावर थेट रेघा मारायच्याच नाहीत. अल्कोहोलचे मार्कर मागच्या बाजूला उमटतात. पाण्याच्या स्केचपेनने एकाच जागी दोन-तीनदा घासलं की कागदाची लव निघते.

खोडरबर कोरून शिक्का करत असाल तर अक्षर उलटं कोरा. काना डावीकडे येतो, हे बघूनच कोरायला सुरुवात करा.

कार्डं एकेक करून पूर्ण करू नका. आधी सगळी कापा, मग सगळ्यांच्या घडीच्या रेघा, मग सगळ्या घड्या, मग सगळं लिखाण. प्रत्येक टप्प्यानंतर कोणतंही एक उचलून पाकिटात घालून बघा. हो, पुन्हा. सजावटीच्या टप्प्यानंतर तर प्रत्येक कार्ड.

पत्ता रिकाम्या पाकिटावर लिहा. भरलेल्यावर लिहिलं की पेनाचा दाब आतल्या कार्डावर उमटतो आणि उठावाच्या जागी अक्षर वाकडं होतं. गडद पाकिटावर पांढऱ्या जेलपेनने लिहिलेला पत्ता ओला झाला तर वाचता येत नाही, पांढरं लेबल लावा.

वजन: २५० जीएसएमचं ए६ कार्ड आठ ग्रॅमच्या आसपास, आतलं पान अडीच, पाकीट चार-पाच. मिळून पंधरा ग्रॅम. जाडी आणि वजनाची मर्यादा टपाल कचेरीत एक भरलेलं पाकीट नेऊन विचारा, तिकिटं चिकटवण्याआधी. लांबच्यांची आधी टाका. हातोहात देणार असलेल्यांनाही पाकीट लागतंच, ते मोजायला विसरू नका.