कमाटीबागेत सुतार पक्षी कसा पाहावा

सुतार पाहायला वडोदऱ्याच्या माणसाला रानात जायची गरज नाही. सयाजीराव तिसरे यांच्या काळात, १८७९ साली झालेल्या कमाटीबागेतली जुनी झाडं पुरेशी आहेत. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत पोहोचा.

आधी पक्षी नीट ओळखा. हिरवळीत चोच खुपसत फिरणाऱ्या, पंख्यासारखा तुरा फुलवणाऱ्या हुदहुदला बरेच जण सुतार म्हणतात, तो वेगळा. आपला सोनपाठी सुतार मैनेहून मोठा, पाठ सोनेरी, कंबर काळी. नराचं डोकं पुढपासून मागपर्यंत लाल. मादीचा तुरा लाल, पण कपाळ काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. पिवळ्या कपाळाचा, चिमणीहून थोडाच मोठा दिसला तर तो मराठा सुतार.

शोध कानाने घ्या. खिंकाळल्यासारखी लांब ओरड ऐकू आली की त्या दिशेची वाळकी फांदी बघा. सलग, एका लयीतला खडखडाट म्हणजे हद्दीची दवंडी. दोन ठोके, थांबा, पुन्हा एक ठोका असं चाललं असेल तर तो जेवतोय. तुम्हाला पाहून तो खोडाच्या पलीकडे सरकेल. मागे धावू नका, जागीच उभे राहा. थोड्या वेळात वरच्या बाजूने डोकं बाहेर येतं.

आता पाय आणि शेपटी पाहा. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि ताठ शेपूट खोडाला टेकलेली. साल उचकटून तो लांब, चिकट जीभ आत घालतो. मुंग्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या हे त्याचं मुख्य खाणं.

पोट भरलं की पिसं विंचरणं सुरू होतं, आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडतं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथे चोच घासून तो एकेक पीस चोचीतून अलगद फिरवून नीट करतो. डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही, तिथे पायाने खाजवतो. पिसं झडतानाही शेपटीची मधली दोन सर्वांत शेवटी गळतात, म्हणून टेकू सुटत नाही.

विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते जुलै. खोडाखाली ताजा भुसा दिसला की वर ढोली शोधा. आत बहुधा तीन पांढरी अंडी असतात आणि नर-मादी दोघंही पिलांना भरवतात. पक्षी ढोलीत न शिरता बाहेरच घुटमळत राहिला तर तुम्ही फार जवळ आहात. तो आत शिरेपर्यंत मागे सरका. मोबाइलवर त्याची ओरड वाजवून त्याला बोलावू तर मुळीच नका.

पावसाळ्याआधीची छाटणी नेमकी पिलांच्या दिवसांत येते. ढोलीतून चिरचिर ऐकू आली असेल तर ते झाड माळ्याला दाखवून ठेवा आणि ती फांदी पिलं उडेपर्यंत राहू द्यायची विनंती करा.