औषधशोधातल्या नव्या तंत्रासाठी पुरस्काराचा अर्ज कसा लिहावा

आधी पुरस्कार कशाला मिळतो ते बघा: रेणूला, तंत्राला की माणसाला. प्री गालियाँ हा औषधक्षेत्रातला पुरस्कार मुख्यतः मंजुरी मिळून बाजारात आलेल्या उत्पादनांसाठी आहे. स्क्रीनिंगची, म्हणजे ढीगभर संयुगांतून उपयोगी संयुगं वेचण्याची, नवी पद्धत घेऊन तिथे गेलात तर दारच चुकलं. प्रयोगशाळेतलं स्वयंचलन आणि स्क्रीनिंग यांसाठीच्या स्लास या संस्थेचा इनोव्हेशन अवॉर्ड तिच्या परिषदेतल्या व्याख्यानांतून निवडला जातो, त्यामुळे तिथे व्याख्यानाचा सारांश हाच खरा अर्ज. नोबेलसाठी स्वतःचं नाव सुचवता येत नाही; निमंत्रितांनी ३१ जानेवारीपर्यंत शिफारस करायची असते.

मग एक वाक्य लिहा: आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं. बाकीचा अर्ज या वाक्याच्या पुराव्यासाठी असतो. फाज डिस्प्लेचं उदाहरण घ्या. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली दाखवलं की जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या अंगावर हवा तो प्रथिनाचा तुकडा बसवता येतो, आणि त्याचं जनुक त्याच विषाणूच्या पोटात असतं. लक्ष्याला चिकटलेला विषाणू वेचला की प्रथिनाबरोबर ते बनवण्याची कृतीही हाती येते. ग्रेगरी विंटर यांनी ही युक्ती प्रतिपिंडांसाठी वापरली. त्यातून आलेल्या संधिवाताच्या औषधाला, म्हणजे अ‍ॅडालिमुमॅबला अमेरिकेत २००२ साली मंजुरी मिळाली आणि दोघांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ‘क्रांतिकारक’ हा शब्द इथे कुठेच लागला नाही. तुमच्या अर्जातूनही तो काढून टाका.

आता आकडे. परीक्षक बहुधा आधी झेड-प्राइम शोधतो, म्हणजे चाचणी होकार आणि नकार किती स्पष्ट वेगळे दाखवते त्याचा आकडा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोलच्या (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं अशा नमुन्यांच्या) प्रमाण विचलनांची बेरीज करा, तिला ३ ने गुणा, दोन्ही सरासरींतल्या फरकाने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. समजा सरासरी १०,००० आणि २,००० आहे, विचलनं ६०० आणि २००. तीन गुणिले ८०० म्हणजे २,४००. भागिले ८,००० म्हणजे ०.३, झेड-प्राइम ०.७. सहसा ०.५ च्या वरची चाचणी उत्तम मानतात. पण एकाच देखण्या प्लेटचा (चाचण्या ज्या खाचांच्या ताटलीत होतात तिचा) आकडा देऊ नका. वेगवेगळ्या दिवशीच्या सगळ्या प्लेट्सचे आकडे एका आलेखात द्या, नापास झालेल्या प्लेट्ससकट. त्या गाळल्या आहेत हे जाणकाराला बिंदूंच्या संख्येवरूनच कळतं.

३८४ वेलच्या (खाचांच्या) प्लेटमध्ये १६ ओळी आणि २४ स्तंभ असतात. पहिले दोन व शेवटचे दोन स्तंभ कंट्रोलना दिले तर संयुगांसाठी ३२० वेल उरतात. सोयीची मांडणी, पण कडेच्या वेलमधून पाणी लवकर उडतं आणि नेमके कंट्रोलचेच आकडे हलतात. म्हणून प्लेटचा रंगनकाशा जोडा; कडेला वेगळी पट्टी दिसत नाही हे त्यावरून एका नजरेत पटतं.

झेड-प्राइम फक्त कंट्रोलबद्दल बोलतो. सापडलेले हिट (परिणाम दाखवणारी संयुगं) खरे आहेत का, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि बरेचसे अर्ज इथेच आपटतात. काही संयुगं द्रावणात गोळे करून एन्झाइमला नुसतीच गिळतात: ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे गोळे मोडणारं साबणासारखं द्रव्य घालून चाचणी पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर हिट बहुधा खोटा. काही स्वतःच चमकतात, काही चाचणीत प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज या एन्झाइमलाच अडवतात. त्यामुळे दुसऱ्या तत्त्वावरची चाचणी हवीच, उदाहरणार्थ सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स, जे रेणू लक्ष्याला चिकटतो का ते थेट मोजतं. ओळखीसाठी प्रत्येक रेणूला डीएनए-टॅग लावलेल्या संग्रहातून हिट आला असेल तर रेणू टॅगशिवाय नव्याने बनवून तपासा.

तंत्र संगणकी असेल तर मॉडेलच्या प्रशिक्षणातली आणि चाचणीतली संयुगं भाऊबंद नाहीत ना, हे आधी बघा. यादृच्छिक वाटणीत एकाच साच्याची (मूळ रचनेची) संयुगं दोन्हीकडे जातात आणि अचूकता फुगते. साच्यानुसार किंवा तारखेनुसार वाटणी करा. आंधळ्या चाचणीची तर सर कशालाच नाही. प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीचा दबदबा २०२० च्या कॅस्प या प्रथिनरचनेच्या स्पर्धेतून झाला, कारण तिथे उत्तरं स्पर्धकांना ठाऊकच नव्हती. ती घडवणाऱ्या हॅसाबिस आणि जंपर यांना २०२४ चा नोबेल मिळाला तो त्याच कामासाठी.

तुलना नेहमी जुन्या पद्धतीच्या उत्तम रूपाशी करा. मुद्दाम ढिसाळ चालवलेली जुनी पद्धत परीक्षकाला लगेच ओळखू येते. शिफारसपत्र तुमच्या विभागप्रमुखापेक्षा तुमचं तंत्र स्वतःच्या प्रयोगशाळेत चालवून पाहिलेल्या माणसाचं घ्या.

आणि पेटंट. पाठवण्याचं बटण दाबण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल झालेला असू द्या. परिषदेचा सारांश ऑनलाइन आला की तो जाहीर खुलासा ठरतो. त्यानंतर युरोपात नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही आणि भारतात अशा खुलाशाला मिळणारी सवलतही अगदी अरुंद आहे. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण तपशील द्यायला भारतात १२ महिने मिळतात. सारांश केव्हा प्रसिद्ध होणार ते आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ती तारीख बहुतेक वेळा परिषदेच्या कितीतरी आधीची असते.