मुक्कामी पाहुणे अवघडून का बसतात? यजमानांनो, या चुका टाळा

पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, चादरी बदलतो, जेवणाचा बेत ठरवतो. एवढं करूनही काही पाहुणे दोन दिवस अंग चोरूनच वावरतात. तहान लागली तरी कुणी विचारेपर्यंत गप्प बसतात, सकाळी पाचला जाग आली तरी घरातली हालचाल सुरू होईपर्यंत खोलीबाहेर पडत नाहीत. यात बहुतेक वेळा आपुलकी कमी पडलेली नसते. त्यांना प्रत्येक गोष्ट विचारून करावी लागते आणि विचारलं तर आपण त्रास देतोय असं वाटतं, ही खरी अडचण असते. म्हणून पाहुण्याला कमीत कमी वेळा विचारावं लागेल अशी व्यवस्था करणं, हे मला पाहुणचारातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

घर न दाखवणं

ही चूक जवळपास सगळ्यांकडून होते, कारण आपल्या घरातलं सगळं आपल्याला पाठ असतं. कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो, न्हाणीघराची कडी थोडी वर उचलून लावावी लागते, फ्लशचं बटण जरा दाबून धरावं लागतं, हे पाहुण्याला कसं कळणार? आणि नेमक्या याच गोष्टी विचारायला माणसाला लाज वाटते.

पाहुणे आल्यावर सामान ठेवून झालं की पाच मिनिटं काढा आणि त्यांच्याबरोबर घरभर फिरा. पिण्याचं पाणी कुठे, रात्री लागलं तर पेला कुठे, जास्तीचं पांघरूण कुठे, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा, केराचा डबा कुठे, हे प्रत्यक्ष दाखवा. गरम पाण्याचा नळ कुठला ते आवर्जून सांगा. 60 अंश सेल्सियसचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकतं, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं हात पटकन मागे घेतीलच असं नाही. वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून खोलीत ठेवा.

'आपलंच घर समजा' हे वाक्य यानंतर म्हणा. कपाट कुठलं उघडायचं हेच माहीत नसेल, तर त्या वाक्याचा पाहुण्याला काही उपयोग नाही.

'काहीही चालेल' यावर विसंबणं

काय खाणार असं विचारलं की नव्वद टक्के उत्तर ठरलेलं असतं: काहीही चालेल. पाहुणा ते संकोचाने म्हणतो आणि आपण ते खरं धरून चालतो. त्यापेक्षा येण्याच्या दोन दिवस आधी फोनवर नेमकं विचारा. काय खात नाही? कशाची अ‍ॅलर्जी आहे का? जेवणाआधी किंवा नंतर कुठली औषधं असतात? 'खात नाही' ते सांगणं 'आवडतं' ते सांगण्यापेक्षा सोपं जातं.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत 'थोडंसंच घातलंय' हा हिशेब धोक्याचा आहे. शेंगदाणे, दूध, अंडी, मासे अशा पदार्थांची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला अगदी कणभरही पुरतं. तोच चमचा, तेच तेल, तीच सुरी वापरली तरी त्रास होऊ शकतो. अशा पाहुण्यासाठी स्वयंपाक आधी करा, भांडी साबणाने धुतलेली घ्या आणि पदार्थात काय काय आहे ते त्याने विचारायच्या आत सांगा.

जेवणाच्या वेळेचंही तसंच. गप्पांच्या भरात जेवण लांबतं. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही, पण इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उशीर झाल्याने खाली जाऊ शकते. 'आपण साधारण साडेआठला बसू' एवढं सांगितलं की पाहुणा औषधाची वेळ स्वतः जुळवून घेतो.

आग्रहाबद्दल थोडक्यात सांगते. एकदा विचारा, फार तर दुसऱ्यांदा. नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढू नका.

खोली फक्त डोळ्यांनी तपासणं

स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांतच सोडून देतं. कपाटात महिनोन्महिने घडी करून ठेवलेली पांघरुणं म्हणूनच आपल्याला स्वच्छ वाटतात आणि पाहुण्याला रात्रभर कोंदट वास येत राहतो. ती आदल्या दिवशी बाहेर काढा, उन्हात किंवा वाऱ्यावर टाका. डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या कपड्यांची जास्त काळजी घ्या, विशेषतः पाहुण्यांबरोबर तान्हं बाळ असेल तर. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे जी-6-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाला असले कपडे पांघरायला देऊच नका.

घरात मांजर असेल तर ते आधीच सांगा. पाहुणे आल्यावर त्याला दुसऱ्या खोलीत कोंडून भागत नाही, कारण अ‍ॅलर्जी आणणारी प्रथिनं सोफ्यावर, गादीवर, पडद्यांवर चिकटलेली असतात आणि कित्येक आठवडे टिकतात.

झोपेबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजाला जास्त सावध राहतो. म्हणजे तुमची गादी कितीही चांगली असली तरी पहिली रात्र कच्ची जाणारच. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेचा बेत आखू नका. पाण्याचा पंप पहाटे सुरू होत असेल तर रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे पाहुणा दचकून उठणार नाही. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत एक मंद दिवा चालू ठेवा आणि वाटेतलं सटकणारं पायपुसणं उचला. वयस्कर पाहुण्यांसाठी हे फार गरजेचं आहे.

सतत धावपळ, सतत दिलगिरी

'घर जरा लहानच आहे', 'पसारा बघू नका', 'आज भाजी नीट जमली नाही' असं यजमान म्हणत राहिला की त्याची समजूत काढायचं काम पाहुण्यावर येतं. आणि यजमान एकदाही टेकला नाही तर आपण याला राबवतोय असं पाहुण्याला वाटू लागतं. दोन पदार्थ कमी करा, पण त्यांच्याजवळ बसा. मदत करू का असं विचारलं तर 'छे छे' म्हणून उडवून लावू नका. भाजी निवडणं, ताटं मांडणं असं एखादं छोटं काम द्या. हाताला काम मिळालं की माणूस मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

उलट टोकाची चूक म्हणजे पाहुण्याला क्षणभरही एकटं न सोडणं. दुपारचे दोन तास काहीही ठरवू नका. 'मी जरा पडते, तुम्हीही आराम करा' असं यजमानाने म्हटलं की पाहुण्यालाही पाठ टेकायची मुभा मिळते.

तरीही बिनसलं तर

पाहुणा खोलीतून बाहेरच येत नसेल तर 'काही हवं का' असं दारातून विचारू नका, कारण उत्तर 'नको' हेच येणार. 'मी पाय मोकळे करायला निघालेय, येता का?' असं काहीतरी ठोस विचारा. नको म्हणाला तर खुशाल राहू द्या, त्याला खरोखर एकांत हवा असेल.

त्याच्या हातून काही फुटलं तर आधी कुठे लागलं का ते विचारा आणि मग काचा गोळा करा. वस्तूची किंमत किंवा आठवण त्या वेळी सांगू नका. फार जपलेल्या वस्तू आधीच आत ठेवलेल्या बऱ्या.

मुलांची भांडणं बहुधा खेळण्यांवरून होतात. पाहुणे यायच्या आधी आपल्या मुलाला त्याची सगळ्यात लाडकी खेळणी निवडून आत ठेवू द्या. बाकीची वाटून खेळायची हे त्याच्याशीच ठरवा. त्याची खोली पाहुण्यांना देणार असाल तर तेही आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी सांगा.

मुक्काम लांबला तर चेहऱ्यावर नाराजी दाखवत दिवस ढकलू नका. ती पाहुण्याला दिसतेच. मुळात बोलावतानाच 'परतीचं कधीचं ठरवताय, त्याप्रमाणे मी रजा टाकते' असं विचारलं की प्रश्न सुटतो. ते राहून गेलं असेल तर स्पष्ट तारीख सांगा: 'गुरुवारपर्यंत राहा, शुक्रवारपासून माझी कामाची घाई सुरू होतेय.' हे निदान दोन दिवस आधी सांगा, म्हणजे त्यांना तिकीट काढायला आणि पुढची सोय बघायला वेळ मिळेल.